सिस्टर पिनॉकची आठ माणसं

सिस्टर पिनॉक रस्त्यानं येताना दिसली की हायसन ग्रीनमधली टवाळ पोरंसुद्धा सिगारेट मुठीत लपवायची. तिनं कधी कुणावर हात उगारला नव्हता, की आवाज चढवला नव्हता. पण नॉटिंगहॅमच्या त्या वस्तीतल्या निम्म्या पोरांची नाकं तिनं लहानपणी पुसली होती. जिनं आपलं नाक पुसलं तिच्या तोंडासमोर धूर सोडायचा म्हणजे निर्लज्जपणालाही जरा बळ लागतं.

नाव आयसिल्डा; ‘सिस्टर’ ही चर्चमधली हाक. जमैकातल्या डोंगरात जन्मली, वयात आल्यावर या थंड देशात आली, सीफस पिनॉकशी लग्न केलं आणि नीट संसार केला. सीफस सायकलच्या कारखान्यात चाकं बसवायचा. ती घर बघायची, चर्च बघायची, आणि उरलेल्या वेळात ज्याच्या घरी आजार, बाळंतपण किंवा मयत असेल त्याचं घर बघायची.

पोलिस चांगले की वाईट, असल्या वादात ती कधी पडायची नाही. पावसाबद्दल आपण मत थोडंच बनवतो, छत्री ठेवतो, तसं तिचं होतं. मुलगा एव्हरल्ड मोठा झाला तेव्हा तिनं त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवावी तितक्या सहजपणे शिकवलं होतं: पोलिसानं थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, ‘सर’ म्हण, पळू नको, हसू नको. सीफसला मात्र ही शिकवण उशिरा मिळाली. एकदा पाळी संपवून घरी येताना त्याला पोलिसानं अडवलं.

“ही सायकल कुणाची?”

“माझी.”

“कुठून मिळवलीस?”

“मी बनवली,” सीफस म्हणाला. ते अगदी खरं होतं. पण उर्मट उत्तर दिलं म्हणून त्याला चौकीच्या बाकावर जेवणवेळ टळेपर्यंत बसवून ठेवलं. ही गोष्ट वस्तीत इतकी गाजली की पुढं कुणाला काहीही विचारलं, मुलाबद्दलसुद्धा, तर उत्तर ठरलेलं: “मी बनवला!”

तर सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, तिची मैत्रीण मर्टल सकाळीच स्वयंपाकघरात येऊन बसली. समोरच्या चहाला तिनं हात लावला नाही.

“आयसी, लिंडलला धरून नेला होता गं. सोडलाय, पण गुरुवारी परत बोलावलंय.”

लिंडल तिचा धाकटा. सुतारकाम शिकत होता. बाजारामागच्या गल्लीत ऑलर्टन नावाच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईची पर्स कुणीतरी हिसकावली होती. बाई पडली, मनगट मुरगळलं. तिनं पोलिसांना सांगितलं, उंच, हडकुळा, काळा पोरगा, विशी-पंचविशीचा. थोड्या वेळानं त्याच बाजारात लिंडल तळलेले बटाटे खात उभा सापडला. उंच, हडकुळा, काळा, बावीस वर्षांचा.

“पर्स सापडली का त्याच्याकडे?”

“बटाटे सापडले.”

“मग?”

मग ओळखपरेड. नव्या कायद्यानं लिंडलला तो हक्क होता. त्याच्यासारखे दिसणारे निदान आठ जण त्याच्या शेजारी उभे करायचे आणि बाईनं त्यांतून ओळखायचं. पण पोलिसांना आठ जण मिळत नव्हते. हवालदार रस्त्यावर कुणाला विचारायला गेला की पोरं पांगायची. पहिल्या खेपेला जे जमवले त्यांत एक पिकल्या केसांचा कंडक्टर होता आणि एक मद्रासकडचा विद्यार्थी. लिंडलच्या वकीलबाई, मिस करशॉ, तिथंच कडाडल्या आणि परेड रद्द झाली.

“त्यांच्या लेखी काळे ते सगळे एकच,” मर्टल डोळे पुसत म्हणाली. “आता साहेब म्हणतो, गुरुवारीही माणसं नसली तर लिंडलला एकट्यालाच बाईसमोर उभा करू. खोलीत ती आणि तो. तूच सांग, ती बोट काय भिंतीकडे दाखवेल?”

आयसिल्डानं मर्टलचा गार झालेला चहा मोरीत ओतला आणि दुसरा केला. तेवढ्या वेळात तिची प्रार्थनाही झाली आणि विचारही झाला.

“आठ ना?” ती म्हणाली. “आणते मी.”

उंच, हडकुळी पोरं शनिवारी एकाच ठिकाणी सापडत, ते म्हणजे फिट्झरॉयचं केस कापायचं दुकान. सिस्टर आत शिरली तसा रेडिओ बारीक झाला. तिनं काय हवंय ते सांगितल्यावर तर कात्रीही थांबली.

“उंच, सडपातळ, सावळा, वय बावीस ते पंचवीस,” फिट्झरॉय म्हणाला. “सिस्टर, ही तर लग्नाची जाहिरात झाली.”

“नवरी चौकीत बसलीय हो!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“हसा,” आयसिल्डा म्हणाली. “हसून झालं की उभे राहा. मला उंची बघायचीय.”

कुणी उठलं नाही. फिट्झरॉयनं कात्री खाली ठेवली. त्याच्या दुकानावर दोनदा छापा पडला होता. दोन्ही वेळा सापडलं काही नव्हतं, फुटला मात्र आरसा. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्ही तर या पोरांना न बोलावता चढायला सांगताय. सुक्याबरोबर ओलंही जळतं, सिस्टर.”

“आज ओलं कोण आहे, फिट्झरॉय? लिंडलच ना? आणि आपण सगळे लांब उभे राहिलो म्हणून तो एकटा जळायचा, असंच ना?”

खुर्चीवर गळ्याभोवती फडकं बांधून बसलेल्या ॲल्विननं आरशातूनच विचारलं, “आंटी, पण त्या बाईनं माझ्यावरच बोट ठेवलं तर?”

हा खरा प्रश्न होता.

“तर तुला काही होणार नाही. वकीलबाईंनी सांगितलंय. तू नुसता उभा राहायला आलेला माणूस.”

“वकीलबाईंनी सांगितलंय. पोलिसांना सांगितलंय का?”

आयसिल्डा म्हणाली, “मी तिथं असेन. जितके आत नेईन तितके बाहेर घेऊन येईन. एक जरी आत ठेवला, तर मीही तिथंच राहीन. मग सीफसला जेवायला तुम्ही घाला.”

तरी कुणी हो म्हणालं नाही. ती दारोदार फिरली, पोरांच्या आयांना भेटली. ॲल्विनची आई दारातच उभी राहून म्हणाली, “तुझा एव्हरल्डही उंचच आहे ना गं, सिस्टर? आणि हडकुळाही?”

आयसिल्डानं बोटांवर पुन्हा मोजलं. तीन दिवस वस्तीभर ती दुसऱ्यांची पोरं मोजत होती, आणि आपल्या घरातलं चोवीस वर्षांचं पोर तिच्या मोजणीत आलंच नव्हतं. तिनं मुद्दाम टाळलं होतं असं नाही. मन आपोआप त्याला ओलांडून पुढं जात होतं. त्या दिवशी ती पुढच्या घरी गेली नाही. चर्चमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसली, आणि देवाला जे सांगायचं ते सांगून घरी आली.

एव्हरल्ड बस चालवायचा. गणवेश उतरवून तो जेवायला बसला होता. तिनं ताटात राजमा-भात वाढला, वर कोंबडीची तंगडी ठेवली. मग दुसरीही ठेवली.

“मम्मा, दोन तंगड्या म्हणजे काहीतरी भयंकर आहे.”

“गुरुवारी तुझी सुट्टी आहे?”

“मला वाटलंच, तू विचारशील,” तो म्हणाला. “शनिवारपासून वाट बघतोय. म्हटलं, बघू हिला आपलं पोरगं कधी आठवतं.”

एव्हरल्ड येतोय म्हटल्यावर ॲल्विन आला. ॲल्विन आला म्हणून त्याचे दोन मावसभाऊ आले. असे करत आठ झाले. आयसिल्डानं प्रत्येकाच्या आईला एकच बजावलं: “पोरगं नीटनेटकं पाठव गं. चौकीत जायचंय, कुणी नाव ठेवायला नको.”

इथंच तिची चूक झाली.

गुरुवारी दुपारी चौकीसमोर आठ जण हजर झाले तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. एकूण एक सुटाबुटात! आमच्या लोकांना डॉक्टरकडे, शाळेत किंवा सरकारदरबारी जायचं म्हटलं की रविवारचे कपडेच आठवतात. गोऱ्यानं एक नजर टाकून ठरवू नये की हा कोण, म्हणून आयांनी इस्त्रीवर इस्त्री फिरवली होती. पांढरे शर्ट, टाय, आरशासारखे बूट. ॲल्विनच्या खिशात तर रुमालाचं टोकसुद्धा.

आणि लिंडल आला जुन्या निळ्या स्वेटरमध्ये, गुडघ्यावर विरलेल्या पँटमध्ये. वकीलबाईंनी त्याला सांगितलं होतं, नेहमीच्या कपड्यांत ये.

मिस करशॉंनी कपाळाला हात लावला. “मिसेस पिनॉक, हे काय? आठ नवरदेव आणि एक चोर! बाईनं डोळे मिटले तरी ती त्यालाच ओळखेल.”

आयसिल्डानं स्वतःलाच बोल लावला. आपण आपल्याच हातानं पोराचा गळा आवळला. आता?

परेड घेणारे इन्स्पेक्टर गारसाइड बाहेर आले. लाल कानांचा, शिस्तीचा माणूस. फारसं हसणारा नव्हता, पण ओरडणाराही नव्हता. त्यांनी रांग बघितली आणि घड्याळ बघितलं. “बाई आलेल्या आहेत. पुन्हा पुन्हा बोलावता येणार नाही त्यांना. कोट काढा.”

कोट काढले. तरी खाली कडक घडीच्या पँटी, पांढरे शर्ट. लिंडलच्या स्वेटरखाली तर फाटका बनियन.

“मग कोठडीतली कांबळी आहेत. गळ्यापर्यंत पांघरा.”

हवालदारानं कांबळी आणली. त्यांचा वास त्यांच्या आधी पोचला. पोरं मागं सरकली.

“कोठडीचं कांबळं मी अंगाला लावणार नाही,” ॲल्विन म्हणाला. “आज पांघरलं की उद्या ते आमच्याच मापाचं ठरेल. चला रे.”

आठही जण दाराकडे वळले. आयसिल्डा दारात आडवी उभी राहिली.

“कुणी हलायचं नाही. साहेब, तुमच्या नियमात काय लिहिलंय? कपडे सारखे हवेत, की कांबळंच हवं?”

“सारखे दिसले म्हणजे झालं.”

“मग मला जरा वेळ द्या. चर्च या कोपऱ्यावरच आहे.”

गाणाऱ्यांचे झगे धुऊन इस्त्री करणं हे चर्चमधलं तिचंच काम. ईस्टरसाठी ते तयार होऊन कपाटात टांगलेले होते. लालभडक नव्हे, पिकल्या जांभळासारखे, गळ्यापासून घोट्यापर्यंत. ती आणि मर्टल हातांवर नऊ झगे घेऊन धापा टाकत परत आल्या.

इन्स्पेक्टर गारसाइडांनी झग्याकडे बघितलं, वकीलबाईंकडे बघितलं. “याविरुद्ध नियम नाही,” ते सावकाश म्हणाले.

“नाहीच,” मिस करशॉ म्हणाल्या.

बूटही काढायला लावले. नऊ जण मोज्यांवर रांगेत उभे राहिले. एकाचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावत होता आणि तो दुसऱ्या पायाखाली लपवत होता. आता कोण सुतार, कोण बेकार, कोण नवरदेव, काही कळत नव्हतं. रांगेच्या टोकाला कुणीतरी हलकेच सूर धरला, दुसऱ्यानं खर्ज लावला.

“कृपया गाऊ नका,” इन्स्पेक्टर म्हणाले.

आपली जागा लिंडलनं स्वतः निवडायची असते. तो पाचव्या क्रमांकावर उभा राहिला, सहाव्यावर एव्हरल्ड. आरोपीच्या बाजूनं वकिलाबरोबर एका ओळखीच्या माणसालाही बसता येतं. मर्टलला ते बघवणार नव्हतं, म्हणून आयसिल्डा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. तोंड उघडायचं नाही, या अटीवर.

मिसेस ऑलर्टन आत आली. ठेंगणी, कोटाची सगळी बटणं लावलेली, मनगटाला पट्टी. नऊ झगे बघून ती दचकली. मग एका टोकापासून निघाली, प्रत्येकापाशी थांबत. आयसिल्डाच्या लक्षात आलं, बाईला खोटं बोलायचं नाहीये. घाबरलेली आहे, आणि मनापासून बघते आहे. असल्या माणसाचीच जास्त भीती वाटते.

पाचव्यापाशी ती थांबली. बाई पुढं सरकली. सहाव्यापाशी थांबली. नवव्यापर्यंत गेली, आणि परत सहाव्यापाशी आली.

“हा,” ती म्हणाली. “सहा नंबर. हा चेहरा माझ्या ओळखीचा आहे. शपथेवर सांगेन. हे डोळे मी विसरणं शक्य नाही.”

हवालदार बाईला बाहेर घेऊन गेला. लिंडलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्याला आनंद करायलाही लाज वाटत होती. ॲल्विन एव्हरल्डकडे बघत होता. दुकानात त्यानं जे विचारलं होतं तेच झालं होतं, फक्त माणूस दुसरा होता.

“बाकीच्यांनी बूट घाला,” इन्स्पेक्टर म्हणाले. “आभारी आहे. सहा नंबर, आपण जरा थांबा.”

आयसिल्डा उठली. तोंड न उघडण्याची अट संपली होती.

“बूट कुणीही घालायचे नाहीत,” ती म्हणाली. “बसा रे सगळे. साहेब, जे विचारायचं ते आम्हा सगळ्यांसमोर विचारा.”

“मॅडम, मी फक्त...”

“मी यांच्या आयांना शब्द दिलाय. हा माझा मुलगा आहे, पण सहा नंबरला दुसरा कुणी असता तरी मी हेच बोलले असते.” आणि हे बोलताना तिला स्वतःलाच कळलं की ते खरं आहे.

आठ जण जांभळ्या झग्यांत खाली फरशीवर बसले. लिंडलही बसला. इन्स्पेक्टरांचे कान आणखी लाल झाले. त्यांनी मिस करशॉंकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. “त्या दुपारी आपण कुठं होता, एवढंच विचारायचं होतं,” ते शेवटी म्हणाले.

“बसवर,” एव्हरल्ड म्हणाला. हात त्यानं दिसतील असेच ठेवले होते. “डेपोत विचारा. आणि साहेब, त्या बाई म्हणाल्या ते खरं आहे. मी ओळखीचाच आहे. रोज सकाळी वाचनालयाच्या थांब्यावर माझ्याच बसमध्ये चढतात त्या. चोरीच्या दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी होती. मीच हात देऊन वर घेतलं, त्यांनीच मला सगळी हकिगत सांगितली. आत आल्या तेव्हा मी रोजच्या सवयीनं गुड मॉर्निंग म्हणणार होतो. पण बोलायचं नव्हतं.”

इन्स्पेक्टर बाहेर गेले आणि मिसेस ऑलर्टनला घेऊन आले. बाईनं एव्हरल्डकडे बघितलं. तिला अजूनही कळत नव्हतं. ती अर्धं पाऊल मागं सरकली.

एव्हरल्ड जागचा हलला नाही. नुसता म्हणाला, “पायरी सांभाळून, मिसेस ऑलर्टन. बसा निवांत, मग निघतो.”

बाईचा हात तोंडावर गेला.

“तुम्ही!” ती म्हणाली. “अहो, तुम्ही तर माझे ड्रायव्हर!” मग तिचा चेहरा कानापर्यंत तापला. “रोज बघते मी तुम्हाला.”

“हो, रोज,” एव्हरल्ड म्हणाला. तो रागावला नव्हता, पण त्यानं तिला सोडवायची घाईही केली नाही.

ती रांगेकडे वळली, एकेक चेहरा पुन्हा बघितला, लिंडलचाही. “मला नाही सांगता येत,” ती इन्स्पेक्टरांना म्हणाली. “त्या माणसाचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. घाबरले होते मी.”

पोलिसांकडे दुसरा पुरावा नव्हता. संध्याकाळच्या आत लिंडलला सांगितलं गेलं, परत यायची गरज नाही. नऊ जण बूट घालून, टाय नीट करून, पुढच्या दारानं बाहेर पडले. समोर फिट्झरॉय दुकान बंद करून पदपथावर उभा होता. त्यानं त्या दिवशी सगळ्यांचे केस फुकट कापले. लिंडलचे तर दोनदा.

सगळं झाल्यावरही आयसिल्डाचं मत बदललं असं कुणी म्हणू नये. तिनं एव्हरल्डला शिकवलेलं एकही वाक्य मागं घेतलं नाही. पण पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर गारसाइड तिच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. दुसऱ्या एका मुलाची परेड होती आणि आठ जण हवे होते.

“मी नाही विचारणार,” ती म्हणाली. “एकदा मी शब्द दिला होता. आता तुम्ही द्या. रविवारी चर्चला या, पुढं उभे राहा आणि स्वतः मागा.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. पोरांना उभं केलंत ना तसं. झगा नको हवा तर.”

ते आले. प्रार्थना झाल्यावर मागच्या मोठ्या खोलीत उभे राहिले आणि लोकांनी त्यांना भाजून काढलं. फिट्झरॉयनं आरशाचं विचारलं. सीफसनं सायकलचं. मर्टलनं विचारलं की एकट्या पोराला बाईसमोर उभा करायची कल्पना कुणाची होती. काहींची उत्तरं त्यांना आली, काहींची नाही. जी आली नाहीत तिथं ते “माहीत नाही” म्हणाले, आणि एकदा, आरशाच्या बाबतीत, “चूक झाली” म्हणाले. प्रार्थनेनंतरच्या जेवणासाठी टेबलावर ठेवलेला मासा थंड झाला.

शेवटी त्यांनी विचारलं, “कोण येईल?”

आधी लिंडलनं हात वर केला. मग एव्हरल्डनं. मग, आईकडे न बघता, ॲल्विननं.

“तीनच,” इन्स्पेक्टर हळूच आयसिल्डाला म्हणाले. “आठ लागतात.”

आयसिल्डानं त्यांच्या हातात ताट दिलं, वर माशाचा मोठा तुकडा ठेवला.

“मग पुढच्या रविवारी परत या,” ती म्हणाली. “आणि जरा लवकर या. फिट्झरॉयचे प्रश्न अजून संपलेले नाहीत.”